चुका आमच्या कमी, मग नंबर त्यांचा कसा?

मागच्या अंकात ब्रिटनमधल्या ब्रास बँडच्या (पितळी वाद्यांच्या बँडच्या) रीजनल स्पर्धांवर लिहिलं आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर जजिंगलाच देऊन टाकलंय. मागचा अंक ज्यांच्या हातात पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या स्पर्धेसाठी ब्रिटनचे आठ रीजन पाडलेत आणि प्रत्येक रीजनमध्ये बँडचे पाच सेक्शन असतात, सगळ्यात वर चॅम्पियनशिप आणि खाली फर्स्ट ते फोर्थ. फेब्रुवारी-मार्चमध्ये एका सेक्शनचे सगळे बँड एकाच टेस्ट पीसवर, म्हणजे स्पर्धेसाठी ठरवून दिलेल्या रचनेवर, एकमेकांशी भिडतात आणि वरचे मोजके बँड नॅशनलच्या, म्हणजे देशपातळीवरच्या स्पर्धेच्या, फायनलला जातात. बाकी खुलासा उत्तरांत येईलच.

प्रश्न: ताई, माझा मुलगा यॉर्कशायरमधल्या एका थर्ड सेक्शन बँडमध्ये सेकंड कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवतो. हडर्सफील्ड टाउन हॉलमध्ये त्यांनी इतकं क्लीन वाजवलं की एक नोट फुटली नाही, मी जीव कानात आणून ऐकत होते. जो बँड पहिला आला त्यांच्या सोप्रानो कॉर्नेटची वरची नोट सरळसरळ चिरकली, सगळ्या हॉलनं ऐकली. तरी ते पहिले आणि आम्ही आठवे. जजचं लक्ष तरी होतं का?

लक्ष होतं. तुमचा राग कळतो मला, पोरं जानेवारीपासून तोच पीस घोटत असतात, घरी दारी तेच सूर ऐकू येत असतात आणि मग निकालाला आठवा नंबर. पण एक गोष्ट मनापासून सांगते, जज चुका मोजायला बसलेला नसतो. एक नोट फुटली की इतके मार्क वजा, दुसरी फुटली की अजून इतके, असा तक्ता त्याच्यासमोर नसतोच. समोर असतो टेस्ट पीसचा पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली स्वरलिपी) आणि लिहायला कागद, आणि तो पहिल्या बारपासून (मात्रांच्या पहिल्या गटापासून) एकच गोष्ट शोधत असतो की या कागदावर जे संगीत आहे ते समोरून येतंय का.

फुटलेली नोट सगळ्यांना ऐकू येते कारण ती अचानक येते आणि लगेच संपते. पण सूर जरासे हललेले असतील तर ते तीन-तीन पानं तसेच चालू राहतात आणि हॉलमधल्या बहुतेकांना नुसतं एवढंच वाटतं की काहीतरी मजा येत नाहीये. जजला मात्र नेमकं कुठे काय हललंय ते कळतं. समजा स्लो मूव्हमेंट आहे, वर युफोनियमचा सोलो चाललाय आणि खाली तीन टेनर हॉर्न आणि दोन बॅरिटोन मिळून लांब कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ) धरून बसलेत. सोलो छान चाललाय, कुणाचंच बोट चुकलेलं नाही, पण सेकंड हॉर्न किंचित चढा आणि सेकंड बॅरिटोन किंचित उतरलेला, की झालं, कॉर्ड बसतच नाही, सोलोवाल्याच्या पायाखालची जमीनच सरकल्यासारखी होते. तुमच्या भाषेत इथे चूक एकही नाही. जजनं मात्र त्याच पानावर दोनदा लिहिलेलं असतं, ट्यूनिंग, आणि पुढच्या पानावर परत ट्यूनिंग.

आणि हे ट्यूनिंग प्रकरण पितळी वाद्यांत खरोखर अवघड आहे, त्यात पोरांचा आळस वगैरे काही नसतो. व्हॉल्व्ह म्हणजे दाबली की जास्तीची नळी जोडणारी कळ, तर तीन व्हॉल्व्हच्या वाद्यात पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबला की नळीची लांबी हिशोबापेक्षा कमी पडते आणि सूर चढतो, तिन्ही दाबले की अजूनच चढतो, म्हणून तर कॉर्नेटच्या तिसऱ्या स्लाइडला (सरकणाऱ्या नळीला) बोट अडकवायची रिंग किंवा ट्रिगर असतो आणि ती स्लाइड त्या नोटेपुरती बाहेर ढकलावी लागते. युफोनियम आणि बेससाठी यावर उपाय म्हणून ब्लेकली नावाच्या माणसानं १८७४ साली कॉम्पेन्सेटिंग व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं आणि ती पद्धत आजही वापरात आहे. त्यात भर म्हणून स्ट्रेट म्यूट (वाद्याच्या तोंडात बसवायचं बूच) लावला की सूर साधारण वर सरकतो. आणि तापमान तर विचारूच नका. हवा एक अंशानं तापली की तिच्यातला आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरनं वाढतो आणि वाद्याचा सूर वर जातो. मार्चच्या थंडीत बँड गार कॉरिडॉरमध्ये ताटकळतो, मग एकदम दिव्यांखालच्या गरम स्टेजवर येतो, पितळी वाद्यं हळूहळू चढत जातात आणि पर्कशनवाल्याचं ग्लॉकनस्पील (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) काही त्यांच्याबरोबर वर येत नाही. पीसच्या शेवटी ग्लॉकनस्पील आणि सोप्रानो एकत्र आले की हा फरक उघडा पडतो. हे सगळं सांभाळून पंचवीस जणांनी एका सुरात यायचं असतं, आणि जो बँड ते करतो त्याची एक चिरकलेली नोट जज अगदी आनंदानं माफ करतो.

अजून एक गोष्ट, आणि मला वाटतं तुमच्या बाबतीत हीच झाली असावी, अर्थात तिथे नसताना मी नुसता अंदाजच करू शकते. चूक होऊ नये म्हणून बँड जपून वाजवायला लागतो. पियानिसिमो (अगदी हळू) लिहिलंय तिथे नोट बोलणारच नाही या भीतीनं सगळे जरा मोठ्यानं वाजवतात, फोर्टिसिमोला (अगदी मोठ्या आवाजाला) आवाज फाटेल या भीतीनं जरा आखडतात, आणि मग अख्खा पीस मधल्याच एका पातळीवर येतो. क्लीन असतो, पण त्यात चढउतार राहत नाहीत. जो बँड पहिला आला त्यांच्या सोप्रानोनं ती वरची नोट बहुतेक लिहिली होती तशी अगदी हळू घ्यायचा प्रयत्न केला असणार, आणि सोप्रानो हे त्या अख्ख्या बँडमधलं सगळ्यात उघड्यावर पडलेलं वाद्य आहे, तिथे एकच वादक, लपायला जागा नाही. ती रिस्क घेणाऱ्याला जज ओळखतो.

मुलाला एवढंच सांगा की कंडक्टरकडून जजचे रिमार्क मागून घे आणि सेकंड कॉर्नेटबद्दल काही लिहिलंय का ते बघ. सेकंड आणि थर्ड कॉर्नेट, सेकंड हॉर्न, सेकंड बॅरिटोन या खुर्च्यांवर चांगले जज फार बारीक लक्ष ठेवून असतात, कारण बँडची खरी तब्येत तिथे कळते.

प्रश्न: जजला पडद्याआड बसवतात हे वाचून आश्चर्य वाटलं. एवढा अविश्वास कशाला? आणि तो आत नेमका बसतो कसा?

अविश्वास म्हणा, पण त्याला कारण आहे. ब्रास बँडचं जग लहान आहे, जज म्हणून येणारे बहुतेक लोक स्वतः कंडक्टर, संगीतकार किंवा जुने वादक, म्हणजे समोर वाजवणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी त्यांच्या ओळखीचं असणारच. आणि स्पर्धेची परंपरा केवढी जुनी, मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला १८५३ साली जी स्पर्धा सुरू झाली तीच आज ब्रिटिश ओपन म्हणून चालते, नॅशनल १९०० साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला सुरू झाली. यातले किती तरी बँड गिरण्यांचे, खाणींचे, गावांचे. गावाची इभ्रत त्या नंबरात अडकलेली असायची, आजही असते. अशा ठिकाणी जजनं तोंड बघून नंबर दिला ही नुसती शंका जरी आली तरी स्पर्धा संपली म्हणून समजा.

जज बसतो तो बॉक्स म्हणजे हॉलमध्ये, स्टेजपासून अंतर राखून, चारही बाजूंनी कापडानं झाकलेली एक लहानशी जागा. मी एकदा अशा बॉक्सबाहेर स्टुअर्ड म्हणून बसले होते. आत टेबल, टेबलावर दिवा, स्कोअर, कोऱ्या कागदांचा गठ्ठा, टोक केलेल्या पेन्सिली आणि एक शिट्टी. पहिला बँड स्टेजवर यायच्या आधी जज आत जातो आणि शेवटचा बँड होईपर्यंत तो त्या दुनियेतच असतो, बाहेर पडायचं झालं तर सोबत कुणीतरी जातं म्हणजे वाटेत कुणाशी बोलणं नको. कुठला बँड कितव्या नंबरला वाजवणार हे त्याच दिवशी चिठ्ठ्या काढून ठरतं आणि जजला फक्त नंबर माहीत असतो. बँड स्टेजवर येऊन बसला, नंबर पुकारला, सगळा हॉल चिडीचूप, आणि मग आतून शिट्टी वाजते, म्हणजे जज तयार, सुरू करा. ती शिट्टी आणि पहिली नोट यांच्यामधले काही सेकंद जे असतात ना, त्यात स्टेजवरच्या प्रत्येकाचा घसा कोरडा पडलेला असतो.

पडदा परिपूर्ण आहे असं मी म्हणणार नाही. टाळ्या कापडातून ऐकू येतातच आणि मुरलेल्या कानाला एखाद्या नामवंत सोलोवाल्याचं व्हायब्रेटो (सुराचं कंपन) ओळखू येऊ शकतं. काही लोकांचं म्हणणं आहे की उघड्यावर बसून जजिंग करावं, कंडक्टरचे हातही संगीताचा भागच आहेत. मनोरंजनाच्या स्पर्धांमध्ये जिथे सादरीकरणाला मार्क असतात तिथे जज उघड्यावर बसतात आणि तिथे ते बरोबरच आहे. पण रीजनलसाठी मला पडदाच हवा. लहान गावातल्या बँडला आणि मोठ्या नावाच्या बँडला तिथे एकच ओळख मिळते, एक नंबर, बाकी काही नाही. दुसरीकडे कुठे त्यांना इतकी समान वागणूक मिळते सांगा बरं.

प्रश्न: आमच्या बँडला चिठ्ठीत एक नंबर आला आणि बसमध्येच सगळे म्हणाले संपलं, आता घरी जाऊ या. पहिलं वाजवणारा बँड खरंच कधी जिंकत नाही का?

जिंकतो, पण अवघड जातं हे खरं आहे. पहिल्या बँडला जज मोजणार कशाशी, त्याच्या डोक्यात फक्त स्कोअर वाचून तयार झालेलं एक चित्र असतं. त्यामुळे पहिला बँड मापदंड होतो आणि पुढचे सगळे त्याच्या वर किंवा खाली लागत जातात. चांगले जज काय करतात तर प्रत्येक बँड झाला की त्याचा कागद आधीच्या कागदांमध्ये जिथे बसतो तिथे लगेच सरकवून ठेवतात, म्हणजे दिवसाच्या शेवटी डझनभर बँड आठवत बसावं लागत नाही, क्रम आपोआप तयार होत आलेला असतो. सकाळी दहाला जो वर जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत वरच राहिला असंही होतं.

एक फरक मात्र खरा आहे. सकाळी हॉल अर्धा रिकामा असतो आणि माणसं आवाज शोषून घेतात, त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये आवाज जास्त घुमतो आणि जलद पॅसेज एकमेकांत मिसळतात. पहिला नंबर आला की कंडक्टरनं हे डोक्यात ठेवून नोटा जरा आखूड आणि सुट्या घ्यायला सांगाव्या, आणि ज्यांनी बसमध्ये संपलं म्हटलं त्यांना त्याच बसमध्ये गप्प करावं.

प्रश्न: स्कोअरवर मेट्रोनोम मार्क (वेगाचा आकडा) लिहिलेला असतो. आमच्या कंडक्टरनं फास्ट भाग त्यापेक्षा कमी वेगात घेतला आणि बँडमध्ये भांडणं झाली. जज याचे मार्क कापतो का?

वेगासाठी म्हणून कुणी कापत नाही, त्या वेगानं संगीताचं काय झालं ते बघतात. लिहिलेला वेग गाठायचा म्हणून बँड पळत सुटला आणि कॉर्नेटच्या भराभर येणाऱ्या छोट्या नोटा पिठासारख्या झाल्या तर तो वेग घेऊन काय मिळवलं? उलट थोडा कमी वेग घेऊन प्रत्येक नोट ऐकू आली, ॲक्सेंट जिथल्या तिथे पडले, बेसनं लय धरून ठेवली, तर जजला ऐकताना घाई जाणवतच नाही. पण एक सीमा असते. नाचरा भाग इतका सावकाश घेतला की पाय हलायचेच थांबले, तर जज लिहिणारच की कॅरेक्टर हरवलं. आणि फोर्थ सेक्शनच्या बँडसाठी त्यांच्या आवाक्यातला वेग निवडणं हीच कंडक्टरची अक्कल समजली जाते, हे मी जजांच्या तोंडून ऐकलंय.

खरा घोळ वेग बदलतो तिथे होतो. रॅलेंटांडो (हळूहळू वेग कमी करा) लिहिलंय, अर्धा बँड कंडक्टरकडे बघतोय, अर्धा कागदाकडे, आणि नवीन वेगाच्या पहिल्या बीटवर बेस एकीकडे आणि स्नेअर ड्रम दुसरीकडे. हे पडद्याआडून फार स्वच्छ ऐकू येतं, कारण जजला हातवारे दिसत नाहीत, त्याला फक्त परिणाम मिळतो.

प्रश्न: जजच्या रिमार्कवर विश्वास कसा ठेवायचा? आम्हाला पहिल्या ओळीत छान सुरुवात लिहिलं होतं, शेवटी एन्जॉएबल परफॉर्मन्स लिहिलं होतं, आणि नंबर शेवटून दुसरा. दोन्ही खरं कसं असेल?

दोन्ही खरं असू शकतं आणि बहुतेक वेळा असतंच. रिमार्क लिहिले जातात वाजत असताना, म्हणजे जज एका हातानं स्कोअर उलटतोय, दुसऱ्या हातानं लिहितोय आणि कान पुढच्या बारवर. त्यात घडवलेली भाषा शोधू नका. पहिली आणि शेवटची ओळ माणुसकीची असते, बँडनं इतके महिने कष्ट केलेत त्याची ती दखल आहे, खोटी नसते पण त्यावरून नंबर ठरत नाही. मधल्या ओळी वाचा. प्रत्येक शेऱ्यासमोर बहुतेक रिहर्सल लेटर लिहिलेलं असतं, ए, बी, सी असं. स्कोअर उघडून घ्या आणि तो शेरा त्या त्या जागेवर नेऊन ठेवा.

मग काय दिसतं ते सांगते. सी ला बॅलन्स, एफ ला परत बॅलन्स, के ला ट्रॉम्बोन जड. सुटं सुटं वाचलं तर तीन किरकोळ तक्रारी, एकत्र वाचलं तर कळतं की ट्रॉम्बोन थेट समोर तोंड करून बसलेत आणि त्यांच्या बेल (वाद्याचं रुंद तोंड) हॉर्न आणि फ्लूगलला झाकून टाकतायत. हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम यांच्या बेल वरच्या दिशेला असतात, त्यांचा आवाज छताकडे जाऊन मग खाली येतो, कॉर्नेट आणि ट्रॉम्बोनचा सरळ समोर येतो, हा फरक रिहर्सलच्या लहान खोलीत लक्षात येत नाही आणि मोठ्या हॉलमध्ये उघडा पडतो. तुमच्या बँडच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या शीट काढा आणि शेजारी ठेवा, वेगवेगळ्या जजांनी वेगवेगळ्या पीसवर तोच शब्द लिहिलाय का बघा. लिहिला असेल तर पुढच्या वर्षीच्या रिहर्सलचा पहिला महिना त्या शब्दाला द्या.

नंबरबद्दल एक. पूर्वी पॉइंट द्यायचे आणि दोन बँडमध्ये एका पॉइंटचा फरक असायचा, लोक त्या एका पॉइंटचा अर्थ लावत बसायचे. रीजनलमध्ये आता नुसता क्रम सांगतात. शेवटून दुसरा म्हणजे वाईट असं नाही, त्या दिवशी त्या खोलीत त्यापेक्षा चांगले बँड जास्त होते एवढाच त्याचा अर्थ. अर्थात क्रम महत्त्वाचा आहेच, कारण तीन वर्षांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि त्यावर कोण वरच्या सेक्शनला चढणार, कोण खाली उतरणार ते ठरतं, त्यामुळे एका वाईट वर्षानं लगेच आकाश कोसळत नाही.

प्रश्न: टेस्ट पीस म्हणजे परीक्षेसाठी मुद्दाम अवघड केलेला, ऐकायला रटाळ पीस, असं माझं मत झालंय. चुकतंय का?

मला वाटतं चुकतंय. अगदी पहिल्या वर्षांत बँड आपापल्या आवडीचे पीस वाजवायचे, मग सगळ्यांना एकच पीस आला म्हणजे तुलना करता येते. बरीच वर्षं ते ऑपेराच्या निवडक भागांवर चाललं. १९१३ साली पर्सी फ्लेचरनं नॅशनलसाठी खास बँडकरता नवीन पीस लिहिला आणि वारं बदललं, नंतर १९२८ साली होल्स्टनं आणि १९३० साली एल्गारनं फायनलसाठी लिहिलं. ही नावं काही परीक्षेचे पेपर काढणारी नाहीत. हो, रटाळ टेस्ट पीसही असतात, ज्यात प्रत्येक वाद्याला एक एक अवघड उडी मारायला लावलेली असते आणि बाकी काही नाही, आणि दिवसभर तो बॉक्समध्ये बसून ऐकायचा म्हणजे जजचीच परीक्षा असते. पण चांगला पीस विसाव्यांदा ऐकतानाही एखादा बँड असा काही वाजवून जातो की हॉर्नची एक ओळ आधी कधी ऐकलीच नव्हती असं वाटतं.

प्रश्न: माझं वय ४२, वीस वर्षं बी फ्लॅट बेस (बँडमधलं सगळ्यात खर्जातलं वाद्य) वाजवतोय, मला जज व्हायचंय. सुरुवात कुठून करू?

बेसवाले जज व्हावेत असं मला फार वाटतं, कारण ते आयुष्यभर बँड खालून वर ऐकत आलेले असतात. ब्रिटनमध्ये असोसिएशन ऑफ ब्रास बँड ॲडज्युडिकेटर्स ही जजांची संघटना आहे, त्यांच्याशी बोला. पण त्याआधीची तयारी घरी बसून होते. ट्रेबल क्लेफमध्ये (स्वरलिपीच्या एकाच प्रकारात) आयुष्य काढलेल्या माणसाला पूर्ण स्कोअर वाचायची सवय नसते, ती लावून घ्या. बँडमध्ये बास ट्रॉम्बोन सोडला तर बाकी पितळी वाद्यांचं सगळं ट्रेबल क्लेफमध्येच लिहितात, पण काही बी फ्लॅटमध्ये आणि काही ई फ्लॅटमध्ये, म्हणजे हॉर्नच्या ओळीवर दिसणारी सी आणि कॉर्नेटच्या ओळीवर दिसणारी सी वेगळी वाजते. कॉर्ड कागदावर बघून मनात ऐकू यायला हवी.

मग पुढच्या रीजनलला स्कोअर घेऊन हॉलमध्ये बसा, डोळे स्टेजवरून काढा आणि प्रत्येक बँडसाठी एक पान लिहा. वाजत असतानाच लिहा, नंतर नाही. पहिल्या दोन बँडनंतर कळेल की लिहिताना ऐकायचं राहून जातं. हे जमवायला वेळ लागतो. आणि लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचून बघा की हे वाचून त्या बँडला सोमवारच्या रिहर्सलला काही करता येईल का. सोलो आवडला नाही असं लिहून उपयोग नाही. सोलोच्या दुसऱ्या फ्रेजच्या मध्येच श्वास घेतला त्यामुळे ओळ तुटली, असं लिहिलं तर त्या मुलीला उद्या काहीतरी करता येतं.

प्रश्न: व्हिट फ्रायडेच्या मार्च (चालत वाजवायची धून) स्पर्धांतही असंच जजिंग असतं का?

तत्त्व तेच, थाट वेगळा. मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थ आणि टेमसाइडच्या गावांमध्ये व्हिटसन या ख्रिस्ती सणानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी बँड बसनं एका गावाहून दुसऱ्या गावाला पळत असतात, १८८४ पासूनची ही प्रथा. रस्त्यावरून मार्च वाजवत यायचं, मग मैदानात उभं राहून स्पर्धेचा मार्च वाजवायचा आणि पुढचं गाव गाठायचं. जज तिथे कॅराव्हॅनमध्ये किंवा एखाद्या घराच्या माडीवर पडदे लावून बसलेला असतो. एका संध्याकाळी तो कितीतरी बँड ऐकतो, त्यामुळे रिमार्क चार-पाच ओळींचे. तिथे सुरुवातीची आठ बार आणि बेस सोलो यांनी बरंच काही ठरतं असा माझा अनुभव आहे.

प्रश्न: मी आयुष्यात पहिल्यांदा रीजनल ऐकायला जातेय, ब्लॅकपूलच्या विंटर गार्डन्सला. वाद्यांतलं मला फार कळत नाही. काय ऐकू?

जा, नक्की जा, आणि एकाच सेक्शनला पूर्ण बसा, या हॉलमधून त्या हॉलमध्ये फिरू नका. पहिले दोन-तीन बँड नुसते ऐका म्हणजे पीस ओळखीचा होईल. मग त्यातला सगळ्यात शांत भाग कुठला ते मनात ठेवा आणि पुढच्या प्रत्येक बँडच्या वेळी त्या भागाची वाट बघा. जलद आणि मोठ्या आवाजाच्या ठिकाणी बरेच बँड सारखेच भासतात, शांत भागात प्रत्येकाचं वेगळेपण दिसतं. सुरुवात सगळे एकत्र करतात की कुणी आधी कुणी नंतर, नोट संपते तेव्हा सगळे एकदम सोडतात की कुणाची शेपटी मागे राहते, आवाज हळू झाला की गोडवा टिकतो की नुसती हवा ऐकू येते, एवढं ऐकलंत तरी खूप झालं.

शक्य असेल तर हॉलच्या मागच्या अर्ध्या भागात मध्यावर बसा, अगदी पुढे बसलं तर कॉर्नेट आणि ट्रॉम्बोनच कानावर आदळतात. कार्यक्रमपत्रिकेवर तुमचे पहिले तीन लिहून ठेवा आणि निकालाशी ताडून बघा. जुळले नाहीत तर कळवा, कुठला बँड तुम्हाला आवडला आणि का ते लिहा, पुढच्या अंकात त्यावर बोलू.